गुळव्याच्या बापाची नखे

अखेरीस हिंदुराव मालक आपल्याच घराच्या ओसरीवर महाराजांच्या पायांवर डोके ठेवून पडले, आणि फेटा घरंगळत अंगणात गेला तरी उठले नाहीत. हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. आता हे घडलेच नाही असे भाविकांनी समजावे. मालक अजून ताठ उभे आहेत, फेटा डोक्यावर आहे, आणि ते महाराजांना फुकटे म्हणत आहेत.

कृष्णाकाठच्या तांबवडे गावी त्या हंगामात महाराजांचा मुक्काम होता. महाराजांना मठ नव्हता. ते लोकांच्या ओसरीवर राहत, म्हणून सगळे त्यांना ओसरीबाबा म्हणत. कोणाच्या ओसरीवर बसायचे ते स्वतःच ठरवीत. बोलावून येत नसत आणि हाकलून जात नसत. घोंगडी अंथरली की पहिला प्रश्न एकच असे, "आत म्हातारं कोण हाय?" घरचे लोक सांगत. महाराज मान हलवीत, भिंतीला पाठ लावीत आणि डोळे मिटून बसत. भक्तांना वाटे, समाधी लागली. महाराज आतला खोकला ऐकत असत.

त्या वर्षी घोंगडी पडली ती हिंदुराव मालकांच्या ओसरीवर. मालकांचे गावाबाहेर गुऱ्हाळ होते, दारात बैलजोड्या होत्या, आणि महाराजांविषयी त्यांचे मत वर सांगितलेच आहे.

"आत म्हातारं कोण हाय?" महाराजांनी विचारले.

"आई आहे," मालक म्हणाले. "तिचं सगळं व्यवस्थित आहे. बाई ठेवलीय. ताट वेळेवर आत जातं आणि वेळेवर बाहेर येतं."

"बरं," महाराज म्हणाले, आणि तिथून हलेनात.

ह्याच मालकांच्या गुऱ्हाळावर शिदू नावाचा गुळव्या होता. ज्यांनी गूळ फक्त खाल्लेला आहे त्यांच्यासाठी सांगतो. बैलांच्या चरकात ऊस पिळून रस मोठ्या काहिलीत, म्हणजे पसरट कढईत, ओततात, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ घालतात, रस आटत आटत पाकाला येतो. पाक झाला की काहील क्षणात खाली उतरवावी लागते. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, उशिरा उतरवली तर जळतो. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. बाकीच्या वेळी तो काहिलीशेजारी उभा राहून रसावरची मळी काढतो आणि शिव्या खातो.

शिदूचे वडील आप्पा हेही त्याच गुऱ्हाळाचे गुळवे. मालकांच्या वडिलांच्या काळापासून त्यांनी तो पाक सांभाळला. मग त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि ते बाजेवर पडले. शिदूची बायको देवाघरी गेलेली, भाऊ मुंबईला जाऊन पत्रापुरता उरलेला. म्हणजे आप्पांना उठवणे, बसवणे, धुणे, पुसणे, भरवणे, कूस बदलणे हे सगळे शिदूकडे, आणि गावाचा गूळही शिदूकडे.

त्याने एक युक्ती केली होती. घर गुऱ्हाळापासून एका शेताच्या अंतरावर होते. दारातल्या कडुनिंबाला त्याने एक पत्र्याचा डबा टांगला, आत खडे घातले, आणि डब्याची दोरी खिडकीतून आप्पांच्या डाव्या हाताशी नेली. आप्पांना काही लागले की ते दोरी ओढत. डबा वाजला की शिदू पाकाचा अंदाज घेऊन पळत जाई आणि पळत येई.

अडचण एवढीच होती की आप्पा डबा नुसता पाण्यासाठी वाजवीत नसत. अंग निम्मे गेले तरी नाक पुरते शाबूत होते. बाजेवर पडल्या पडल्या त्यांना गुऱ्हाळाचा वास येई. शिदू धापा टाकत पोचला की ते म्हणत, "जाळ लई झालाय. कमी कर." शिदू परत पळे.

मालकांना ह्याचे फार हसू येई. गुऱ्हाळावर चार माणसे बसलेली असली आणि डबा वाजला की ते म्हणत, "चला शिदोबा, आरतीची वेळ झाली." जळव्या मारुती, म्हणजे चुलवाणात जाळ घालणारा, हसायचे नसले तरी हसे, कारण हसवणारा मालक होता.

एके सकाळी शिदू महाराजांपुढे येऊन बसला.

"महाराज, पाक सोडला तर पोट जातंय. बाप सोडला तर मी माणसातनं जातोय. कुठलं सोडू?"

महाराजांनी विचारले, "काल काय सोडलंस?"

"काल झोप सोडली."

"परवा?"

"परवा जेवान."

महाराज म्हणाले, "आता काही सोडू नकोस. ऐन पाकाला डबा वाजला तर मनात माझं नाव घे, आणि डोळे काहिलीवर ठेव."

"आणि आप्पा?"

"बघू कोण मोकळं असतंय ते," महाराज म्हणाले.

शिदूला ह्यातले काही कळले नाही. पण संतांचे बोलणे लगेच कळले तर लोक त्यांना संत कशाला म्हणतील, म्हणून तो नमस्कार करून गेला.

पुढे एक दिवस पेठेतले दोन अडते गुऱ्हाळावर येणार असे ठरले. त्यांना गूळ पसंत पडला तर सगळा हंगाम मार्गी लागणार होता. मालकांनी झाडाखाली खुर्च्या मांडल्या, स्वतः जरीचा फेटा बांधला, आणि शिदूला बाजूला बोलावले.

"आज दिवस मावळेपर्यंत काहील सोडायची नाही. तुझ्या आरतीला आज सुट्टी."

"मालक, शेजारची हौसाबाई आज माहेरी गेलीय. आप्पांजवळ कोण न्हाय."

"मी दुसरा गुळव्या बघून ठेवलाय, शिदू. तो अनाथ आहे. फार कामाचा माणूस."

शिदू काहिलीपाशी जाऊन उभा राहिला.

दुपार कलली. अडते आले, खुर्चीत बसले, रस प्याले. काहिलीतला रस सोन्यासारखा पिवळा होऊन फुगू लागला. मालक अडत्यांना आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगत होते आणि अडते तो पंख्याच्या वाऱ्यासारखा अंगावर घेत होते. अशा वेळी कडुनिंबावरचा डबा वाजला.

शिदूने मान वर केली. रोजचा आवाज नव्हता. रोज आप्पा दोरी ओढत आणि सोडत, ओढत आणि सोडत. आज डबा एकसारखा थरथरत होता.

"मालक, जाऊन येऊ? काहीतरी झालंय."

"काही झालेलं नाही. म्हातारा जाळ कमी कर म्हणत असेल." मालक अडत्यांकडे वळले. "आमच्याकडे गुळाची परीक्षा खिडकीतून होते." अडते हसले.

"मालक, पाया पडतो."

"जा की. अडवलंय कोणी? फक्त जाताना आपलं घोंगडं घेऊन जा. उद्या यायचं काम नाही."

जळव्या मारुती या वेळी हसला नाही. त्याने जाळ घालायचे थांबवले आणि शिदूकडे पाहिले. पण पाक मारुतीला कळत नव्हता, आणि मालकांना तर गूळ आणि काकवी यांतला फरकही चव घेतल्यावर कळे.

तेवढ्यात डबा थांबला.

डबा वाजत होता तोवर आप्पा जिवंत होते एवढे तरी कळत होते. आता काहिलीचा रटरट आवाज आणि अडत्याचे हसणे एवढेच ऐकू येत होते. शिदूचा एक पाय घराकडे वळला होता, दुसरा काहिलीकडे होता. पाक तर असा यायला टेकला होता की वळून बघितले तरी जळेल. त्याने डोळे काहिलीवर ठेवले, मनात महाराजांचे नाव घेतले. डोळ्यांतले पाणी पाकात पडू नये म्हणून तो जरा मागे सरकला.

पाक आला. "उतरवा," शिदू म्हणाला. माणसांनी दांड्या घातल्या, काहील उतरली, आणि ती जमिनीला टेकायच्या आत शिदू शेतातून धावत सुटला. मालकांनी मागून काहीतरी म्हटले. ते त्याला ऐकू गेले नाही, आणि त्यात ऐकण्यासारखे काही नव्हते.

दारात दोरी तुटून पडलेली होती. शिदूने देवाचे नाव घेऊन आत पाऊल टाकले.

आप्पा बाजेवर उशीला टेकून बसले होते. अंगाला पाणी लागले होते, सदरा धुतलेला होता, डोक्याला तेल होते. शेजारी पेजेचे वाडगे निम्मे रिकामे होते. आप्पा आपल्या डाव्या हाताची नखे उजेडात धरून बघत होते.

"आलास व्हय," आप्पा म्हणाले. "मालक आत्ताच गेले."

"कोण मालक?"

"आपले. हिंदुराव. दुसरे कोण हायत?"

मग आप्पांनी सांगितले. कूस बदलायला गेले आणि बाजेवरच पालथे पडले. तोंड अंथरुणात अडकले, उजवा हात अंगाखाली, श्वास मिळेना. डाव्या हाताने दोरी ओढत राहिले ती दोरीच तुटली. आता संपले असे वाटले तोच कोणीतरी काखेत हात घालून उचलले. बघतात तर मालक. डोक्याला जरीचा फेटा. मालकांनी पाठ चोळली, पाणी पाजले, अंग पुसले, पेज भरवली, आणि मग बाजेच्या कडेला बसून नखे काढली.

"मी म्हटलं, मालक, तुम्ही कशाला. तर म्हणाले, मी मोकळाच हाय." आप्पांनी हात पुन्हा उजेडात धरला. "काय हात हलका हाय गड्या. एवढं कापलं, पण कुठं लागलं म्हणशील तर न्हाय."

तेवढ्यात हौसाबाई माहेराहून परतली. तिनेही मालकांना बांधावरून जाताना पाहिले होते. "मी पदर सावरला तर त्यांनीच मला नमस्कार केला," ती म्हणाली. "मला वाटलं, ऊन लागलंय त्यांना."

शिदू तसाच गुऱ्हाळावर परत आला आणि अडत्यांच्या देखत मालकांच्या पायांवर पडला. "मालक, तुमी माझा बाप वाचिवला," तो म्हणाला, आणि सगळे सांगून मोकळा झाला.

शिदूचे डोळे काहिलीवर होते, पण मालक तर खुर्चीतून उठलेही नव्हते. ते अडत्यांना ठाऊक, मारुतीला ठाऊक, बैलांनाही ठाऊक होते. पण लोकांनी त्यावर फार खल केला नाही. गरीब माणूस एका वेळी दोन ठिकाणी होता म्हटले तर गाव पुरावा मागते. मालक दोन ठिकाणी होते म्हटल्यावर गाव म्हणाले, असतील, मोठी माणसं आहेत.

थोरला अडत्या हात जोडून म्हणाला, "मालक, गुळव्याच्या बापाची नखं काढता, आणि वर आमच्यापाशी बसून बोलता पण. काय म्हणावं."

इथे मालकांनी "मी नाही गेलो" म्हणायला हवे होते. तसे म्हणाले असते तर ही कथा इथेच संपती. पण स्तुती समोर आली की ती परत पाठवायची सवय मालकांना नव्हती. त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले. "माणुसकी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळावर एक बाज आली. बाजेवर कुंभाराची आजी होती. मागून एका खुर्चीत बसून सुताराचे बाबा आले. मग पाठुंगळीवर कोणाचे तरी मामा. गुऱ्हाळ ही जागा तशीच आहे. तिथे आलेल्या माणसाला रित्या हाताने पाठवायचे नाही, रस मागितला तर रस, काकवी मागितली तर काकवी. जो माघारी पाठवतो त्याचा गूळ बसत नाही, पाघळतो, अशी सगळ्या नदीकाठची समजूत आहे. मालक देवाला भीत नसत, पण गूळ पाघळण्याला भीत. अडत्यांचा सौदा अजून व्हायचा होता.

"काय देऊ?" मालकांनी विचारले.

"आमाला रस नको," कुंभाराची आजी म्हणाली. "नखं काढा. आप्पाची काढलीसा तशी."

मालकांनी न्हाव्याची नराणी मागवली आणि झाडाखाली बसले. त्यांनी जन्मात कोणाची नखे काढली नव्हती, स्वतःचीही नाही. आजी दोनदा ओरडली. सुताराचे बाबा म्हणाले, "आप्पा तर म्हणत हुता, हात हलका हाय." मामांना नखे नको होती, त्यांना नुसते कोणीतरी शेजारी बसून ऐकणारे हवे होते, आणि ते त्यांच्या लग्नापासून सांगू लागले. दुपारपर्यंत मालक चिखलातल्या बैलासारखे दमले. शिदू काहिलीपाशी उभा राहून मळी काढत होता. त्याने एकदाही मालकांकडे पाहिले नाही. एवढे पथ्य त्याने पाळले.

संध्याकाळी मालक घरी आले. ओसरीवर महाराज डोळे मिटून बसलेले होते. मालक त्यांना ओलांडून आत गेले तोच माजघरामागच्या खोलीतून हाक आली.

"हिंदू."

आईची हाक. त्या खोलीत मालक सणाला जात, उंबऱ्यापर्यंत. आज आत गेले. आई भिंतीशी बसली होती. ताट वेळेवर बाहेर गेलेले होते.

"गाव म्हणतंय तू आप्पाची नखं काढलीस," आई म्हणाली. "न्हाऊ घातलंस. पेज भरिवलीस. लई बरं वाटलं मला." मग तिने दोन्ही हात पुढे केले. "माझी बी बघ की जरा."

मालकांनी हात हातात घेतले. नखे वाढून आत वळली होती. ठेवलेल्या बाईकडे ताटाचे काम होते, नखांचे तिला कोणी सांगितले नव्हते. मालकांनी नराणी लावली. पहिल्याच बोटाला रक्त आले.

आईने हात मागे घेतला नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हिंदू," ती हळूच म्हणाली, "आप्पाकडं गेलेला तू न्हवंस रं."

गावाला जे ओळखता आले नाही ते तिने एका बोटावरून ओळखले. ती रागावली नाही. तिने बोट पदरात धरले आणि म्हणाली, "असू दे. मला वाटलं हुतं, तू असशील."

मालक उठले आणि ओसरीवर आले. राग येईल असे त्यांना वाटले होते, म्हणून आवाज आधीच चढवलेला होता.

"महाराज, माझ्या रूपानं कोण गेलं होतं?"

"तुम्हाला ठाऊक हाय," महाराज म्हणाले.

"देवाला माझंच रूप मिळालं? शिदू तुमचा भक्त. त्याचं न्यायचं."

"शिदूचं रूप काहिलीपाशी अडकलेलं. जळव्याचं चुलवाणापाशी. बैलांची चरकापाशी. गुऱ्हाळावर मोकळं रूप एकच होतं, खुर्चीत."

"पण न विचारता?"

"विचारायला आला होता. तुम्ही अडत्यांशी बोलत होता."

मालकांनी चढवलेला आवाज उतरवून विचारले, "मग त्याच्या हातानं कापलं नाही, आणि माझ्या हातानं कापतं. रूप तर एकच."

महाराजांनी डोळे उघडले. "रूप एकच. पण तुमच्यातला मुलगा कोराच पडलेला. घडीसुद्धा मोडलेली न्हवती. मी ह्या ओसरीवर बसून रोज ऐकतोय, आई खोकते आणि कोण उठत न्हाय. देवानं घडी मोडून दिली. आता वापरायचं तर तुमचं तुम्ही वापरा. पहिले काही दिवस रक्त निघंल."

तेव्हा हिंदुराव मालक महाराजांच्या पायांवर डोके ठेवून पडले, आणि फेटा घरंगळत अंगणात गेला. भाविकांनी आता हे घडले असे समजण्यास हरकत नाही.

महाराज म्हणाले, "आता आत जा. नऊ बोटं राहिलीत. आणि उद्यापासनं सकाळी ही ओसरी मोकळी ठेवा. हितं ऊन चांगलं येतंय, आईला बाहेर आणत जा." एवढे बोलून त्यांनी घोंगडी गुंडाळली आणि ते शेजारच्या ओसरीवर गेले.

पुढे गुऱ्हाळावर अशी रीत पडली की ऐन पाकाला डबा वाजला तर मालकांनी उठायचे, कारण तिथे बिनकामाचा माणूस तेवढाच असतो. अडत्यांचा सौदा झाला आणि गूळही बसला. आप्पांनी मात्र पुष्कळ दिवस तक्रार केली. "आधीचे मालक बरे हुते," ते म्हणत. "त्यांचा हात हलका हुता." मालक त्यांची कूस बदलत म्हणत, "ते परत येतील असं दिसत नाही, आप्पा. आहे त्यात भागवा." मग आप्पा नाक वर करून वास घेत आणि म्हणत, "शिदूला सांगा, जाळ लई झालाय." आणि मालक बांधावरून पळत जाऊन तसे सांगत.

हंगाम संपत आला तेव्हा मालकांच्या आईने शाळेच्या मास्तरांना बोलावून एक अर्ज लिहून घेतला आणि तो पुढे पाठवावा म्हणून महाराजांकडे दिला. महाराजांनी तो दोनदा वाचून घेतला, घोंगडीखाली ठेवला आणि वर बसले. तो अजून पुढे गेलेला नाही. त्यातला मजकूर मास्तरांच्या भाषेत असा:

"देवाचे हुजुरास, हिंदुरावची आई, राहणार मौजे तांबवडे, हिचा सविनय अर्ज. अर्ज करण्यास कारण की, रोज सकाळी एक इसम येऊन मला उन्हात नेऊन बसवतो, डोक्यास तेल लावतो, नखे काढतो व मी सांगितलेली तीच तीच गोष्ट पुन्हा ऐकतो. पूर्वी बोट कापत असे, त्यावरून ओळख पटत होती. अलीकडे कापत नाही. सबब सदर इसम माझा मुलगा आहे की आपण स्वतः आहात, याचा उलगडा होत नाही. तरी हुजुरांनी चौकशी करावी. मुलगा असल्यास तसे लेखी कळवावे. आपण असल्यास कळवू नये, आणि मूळ मुलगा परत पाठवण्याची घाई करू नये, ही विनंती."